आईच्या आमवातासाठी रोज वहीत नेमकं काय लिहायचं?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, वाचून नक्की सांगा. माझी आई ६३ वर्षांची, साताऱ्याजवळ गावी असते, ती आणि बाबा दोघंच. मागच्या दिवाळीनंतर तिची दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं धरायला लागली, सगळे म्हणाले वय झालं, फराळाचं जास्त झालं, तेल लावा शेक घ्या. शेवटी पुण्यात ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे सांधेवाताच्या डॉक्टरांना दाखवलं तर अँटी सीसीपी ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह, आमवात निघाला, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आता आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (हे आमवाताचं मूळ औषध), फॉलिक अॅसिड आणि फारच दुखलं तर पेनकिलर असं चालू आहे.

अडचण अशी की अपॉइंटमेंट दुपारची मिळते. गावातून निघून पुण्याला पोचून नंबर लागेपर्यंत तिचे हात बऱ्यापैकी मोकळे झालेले असतात. डॉक्टरांनी विचारलं कसं आहे, की आई म्हणते बरं आहे आता. आणि बाहेर आलो की रिक्षात बसल्या बसल्या मला सांगते की परवा कुकरचं झाकणच लागेना, बाबांना हाक मारावी लागली, ब्लाउजचे हुक लावायला शेजारच्या काकू येतात. अगं मग हे आत का नाही सांगितलंस?? तर म्हणे त्यांच्यामागे किती गर्दी होती, त्यात आपलं रडगाणं कुठे गात बसायचं.

डॉक्टरच म्हणाले की रोज वहीत लिहून आणा. वही आणली, पण आई लिहिते "आज दुखले", "आज फार दुखले", "आज जरा बरे". पानंच्या पानं तेवढंच. यातून डॉक्टरांना काय कळणार? ज्यांनी कुणी असं रोज लिहून ठेवलंय त्यांनी प्लीज सांगा काय लिहायचं. दुसरं म्हणजे तिला पेन नीट धरता येत नाही. आणि मनातली खरी भीती, रोज दुखण्याचंच लिहीत बसली तर ती त्यातच अडकून नाही का पडणार?

कोवळं_ऊन:
ताई, तुमच्या आईचं "बरं आहे आता" वाचून गलबलून आलं, मीसुद्धा बरीच वर्षं आमवाताची पेशंट आहे आणि दवाखान्यात आपण सगळ्या बायका हेच बोलतो. पण दुपारच्या अपॉइंटमेंटचं तुम्ही जे लिहिलंय ना, तिथेच वहीचं खरं काम आहे. आमवात सकाळी सगळ्यात जास्त असतो आणि डॉक्टर आपल्याला बघतात दुपारी किंवा संध्याकाळी. म्हणजे सकाळची आई त्यांना कधी दिसतच नाही, ती वहीतून त्यांच्यापर्यंत पोचवायची आहे. एवढं धरलं की काय लिहायचं ते आपोआप ठरतं.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची नोंद म्हणजे सकाळचं आखडणं किती वेळ राहिलं. उठल्याची वेळ लिहायची आणि मूठ नीट वळायला लागली ती वेळ लिहायची. बास. ६ ला उठल्या, पावणेआठला मूठ वळली. हे डॉक्टरांना "फार दुखले" पेक्षा शंभर पटीने कळतं, कारण गुडघ्याच्या झिजेचं आखडणं साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतं आणि आमवाताचं तास तासभर आणि त्याहूनही जास्त राहतं. औषध लागू पडायला लागलं की ही वेळ हळूहळू कमी होताना दिसते. मेथोट्रेक्सेटला परिणाम दाखवायला ६ ते १२ आठवडे सहज लागतात, त्या काळात रोजच्या रोज फरक जाणवत नाही आणि माणूस कंटाळून गोळीच बंद करतो, माझ्या ओळखीत असं झालंय. मागची पानं उलटून बघितली आणि पावणेदोन तासाचा एक तास झालेला दिसला तर धीर येतो.

दुसरं म्हणजे आज काय करता आलं नाही, किंवा कुणाची मदत लागली. कुकरचं झाकण, हुक, कणीक मळणं, कपडे पिळणं, नळ फिरवणं, केस विंचरायला हात वर जाणं. आईंना म्हणावं दुखलं हे लिहूच नका, काम लिहा. कुकर लागला, पोळ्या झाल्या, कपडे पिळता आले नाहीत. आपल्या बायकांना दुखणं सांगायला लाज वाटते पण काम अडलं हे सांगायला नाही वाटत, त्यामुळे ते खरं लिहिलं जातं.

तिसरं, कुठला सांधा. नावं लिहायच्या भानगडीत पडू नका. कागदावर दोन्ही हातांचे पंजे ठेवून पेन्सिलीने कड काढा, त्याच्या झेरॉक्स काढून ठेवा, जिथे सुजलंय तिथे टिंब, जिथे नुसतं दुखतंय तिथे फुली. सूज आणि दुखणं वेगळं दाखवायचं हं, डॉक्टर ते वेगवेगळं मोजतात. ते बोटांची पेरं दाबून बघतात ना, ती २८ सांध्यांची मोजणी असते, खांदे कोपर मनगटं बोटं आणि गुडघे. त्यात घोटे आणि पावलं येतच नाहीत! आणि आमवात चवड्यात खूप जणांना असतो, सकाळी पहिलं पाऊल टाकताना फरशीवर खडे पसरल्यासारखं लागतं. म्हणून पावलांचं चित्रसुद्धा काढा, आणि पाय दुखत असतील तर आठवणीने चपला काढून दाखवा.

याच्यापेक्षा जास्त काही नको. मोठे तक्ते करणारे लोक बघितलेत, पंधरा दिवसात वही कपाटात जाते.

कृष्णाकाठ:
किती छान समजावलंत. पंजाचं चित्र आजच करते. ते ० ते १० आकडे लिहायचे असतात ना दुखण्याचे, ते आईला जमत नाहीये, ती रोज ७ लिहिते. विचारलं तर म्हणते मधलंच बरं.

कोवळं_ऊन:
आकड्याला अर्थ दिला नाही तर सगळ्यांचंच असं होतं. तुमच्याच घरातल्या गोष्टींनी ठरवून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. म्हणजे २ म्हणजे आठवण राहते पण हात थांबत नाही, ५ म्हणजे काम मध्येच सोडून बसावं लागलं, ८ म्हणजे रात्री दुखण्याने जाग आली. मग ७ लिहिताना त्यांनाच विचार करावा लागेल. आणि आकडा एकाच वेळी टाकायचा, दिवेलागणीला म्हणा किंवा जेवण झाल्यावर, कधी सकाळी कधी रात्री असं केलं तर एकमेकांशी ताडून बघता येत नाही.

निवृत्त_वाहक:
नमस्कार. माझं मत जरा वेगळं आहे ते मांडतो. मी एसटीत कंडक्टर होतो, उभं राहून राहून दोन्ही गुडघे गेले, माझी झीज आहे, आमवात नाही. मुलाने मला अशीच डायरी आणून दिली होती आणि मी मन लावून लिहायला लागलो, सकाळी किती दुपारी किती रात्री किती, जिना चढलो की थांबून बघायचं आता किती दुखलं. त्याने झालं काय की दिवसभर लक्ष गुडघ्यातच. एरवी देवळात जाऊन चार मित्रांशी बोलून यायचो ते विसरायला होत असे, ते विसरणंच बंद झालं. तुमच्या आईबद्दल तुम्हाला जी भीती वाटते ती खरी आहे ताई, उगाच नाही.

आता मी फक्त रविवारी लिहितो. आठवड्यात किती चाललो, जिन्याला कठडा धरावा लागला का, पेनकिलर किती वेळा घेतली, मांडीचा व्यायाम किती दिवस केला. ऑर्थोच्या डॉक्टरांना तेवढं पुरतं. व्यायाम लिहायला लागल्यापासून तो चुकत नाही हा मोठा फायदा. आमच्यासारख्या झीजवाल्यांना रोजच्या नोंदीची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे, मांडीचे स्नायू मजबूत करणं आणि वजन आटोक्यात ठेवणं याच्यातच सगळं आहे.

कोवळं_ऊन:
काका तुमचं पटतंय. आमवात नवीन असतो, डोस बसवणं चालू असतं, तेव्हा रोज लिहावं. एकदा औषध बसलं की मीसुद्धा आठवड्यातून एकदाच लिहिते, आणि पुन्हा सांधे उठले की परत रोज. जन्मभर लिहायचं व्रत नाहीये ते. आणि ताई, दिवसातून एकदाच लिहायचं, वही मिटली की विषय संपला, दिवसभर दुखणं चाचपत बसायचं नाही. एक ओळ चांगल्या गोष्टीची पण असू दे, आज अंगणात रांगोळी काढली, नातवाशी बोलले. ती ओळ डॉक्टरांनाही उपयोगी पडते, रांगोळी काढता आली म्हणजे चिमटीत जोर आहे.

गोळ्यांचा_हिशोब:
मी फार्मासिस्ट आहे, दुकानात रोज संधिवाताची प्रिस्क्रिप्शन बघतो, एका गोष्टीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय आणि कृपया हे गांभीर्याने घ्या. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. वहीत वार ठरवून लिहा, समजा गुरुवार, पहिल्या पानावर लाल अक्षरात, आणि गोळी घेतली की त्याच दिवशी तिथे खूण करा. खूण नसेल तर घेतली की नाही या शंकेने परत गोळी घ्यायची नाही, आधी डॉक्टरांना फोन करायचा. म्हाताऱ्या माणसांकडून ही गोळी चुकून रोज घेतली जाते, कारण बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात आणि डब्यात सगळ्या सारख्याच पिवळ्या दिसतात. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी एकदम खाली जातात, जिवावर बेततं. फॉलिक अॅसिड कुठल्या दिवशी ते डॉक्टरांनी सांगितलं असेल तेही तसंच लिहा, आणि दोन्ही पाकिटं वेगवेगळ्या डब्यात ठेवा.

दुसरं म्हणजे पेनकिलरचा हिशोब. कितीची गोळी, कधी घेतली, एवढंच. पण नाव लिहिताना आतलं औषध लिहा, पाकिटावर बारीक अक्षरात असतं ते. एकच डायक्लोफिनॅक किंवा एसिक्लोफिनॅक दहा नावांनी मिळतं, पेशंट एक गावच्या डॉक्टरांची घेतो, एक शहरातल्या डॉक्टरांची, आणि त्याला वाटतं दोन वेगळी औषधं आहेत. पोटात जळजळ, अंगावर सूज, बीपी वाढणं, किडनीवर ताण हे सगळं त्यातून येतं. आणि पेनकिलर जास्त लागायला लागल्या की डॉक्टरांना तेही कळायला हवं, म्हणजे मूळ औषध कमी पडतंय. नुसता दुखण्याचा आकडा बघितला तर गोळी खाऊन ३ आणि गोळी न खाता ३ हे दोन्ही सारखंच दिसेल!

कुठला काढा, पुडी, गावठी गोळी चालू असेल तर तीसुद्धा लाजू नका, लिहा. काही पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, दोन दिवसात जादूसारखं बरं वाटतं, आणि डॉक्टरांना वाटतं मेथोट्रेक्सेटनेच फरक पडला. रक्ताचे रिपोर्ट, म्हणजे सीबीसी (रक्तपेशी), लिव्हर, क्रिएटिनिन (किडनी), ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज), तारखेसकट त्याच वहीच्या मागच्या बाजूला चिकटवत चला, म्हणजे फाइल शोधायला नको.

माजघर:
माझ्या सासूबाईंना पण आमवात आहे आणि आम्ही जेवणाचं लिहून ठेवतो. वांगं, दही, चिंच, हरभऱ्याची डाळ खाल्ली की दुसऱ्या दिवशी नक्की दुखतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. आम्ही आता आंबट पूर्ण बंद केलंय. तुमच्या आईंनाही करून बघायला सांगा.

कोवळं_ऊन:
माजघर ताई, तुमचा अनुभव तुमचा, पण माझं थोडं ऐका, कारण मी एकेकाळी इतकं काही सोडलं होतं की शेवटी वरण भात आणि दुधी एवढंच उरलं, वजन उतरलं आणि हिमोग्लोबिन पण. आमवात आपलाआपणच वरखाली होतो. आज वांगं खाल्लं आणि उद्या दुखलं, तर ते वांग्याने की तसंही दुखणारच होतं हे एका दिवसात कळत नाही. आपण दुखलेल्या दिवशी आठवतो काल काय खाल्लं, पण न दुखलेल्या दिवशी कुणी आठवत नाही की कालही वांगंच होतं. वही इथे कामाला येते, पण दोन्ही दिवस प्रामाणिकपणे लिहिले तरच. लग्नाला जाऊन आल्यावर दुखलं तर त्यात जेवण आहे, दिवसभर उभं राहणं आहे, जागरण आहे, प्रवास आहे, आणि गडबडीत चुकलेली गोळी पण आहे. कशाकशावर ढकलणार?

एखाद्या पदार्थाचा संशय असेल तर तो एकच पदार्थ तीन चार आठवडे बंद ठेवून बघा, बाकी सगळं आहे तसं ठेवून, मग परत खाऊन बघा. त्याच दिवसात डॉक्टरांनी डोस बदलला असेल तर तो प्रयोग मोजू नका. आणि दही डाळ एकदम बंद करू नका हो, या वयात प्रोटीन आणि कॅल्शियम आणायचं कुठून? युरिक अॅसिडवाला गाऊट असेल तर गोष्ट वेगळी, त्याच्यात दारू, कलेजी वगैरेचा संबंध खरंच आहे, पण तो आजारच वेगळा.

पाठकणा_ताठ:
मी जर्मनीत असतो, माझं अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे पाठीचा सांधेवात, कमी वयात लागलेला. आमच्यात गंमत उलटी, पडून राहिलं की दुखतं, चाललं की बरं वाटतं, आणि रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्याने जाग येते. मला पंचविशीत तीन ठिकाणी सांगितलं होतं की बसायची पद्धत चुकीची आहे, आराम कर. मी जेव्हा लिहून नेलं की पहाटे तीन चारच्या सुमारास उठून खोलीत फेऱ्या मारतो आणि मग मोकळं होतं, आणि रविवारी दिवसभर लोळलो की सोमवारी सगळ्यात वाईट, तेव्हा चौथ्या डॉक्टरांनी तेवढं वाचून लगेच एमआरआय आणि एचएलए बी२७ ही या आजारासाठीची रक्ततपासणी सांगितली. म्हणून माझं तर या वहीवर प्रेम आहे.

पेन धरता येत नाही त्याचं बोलतो. माझी पण आई गावाकडेच आहे. तुमच्या आईंना व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट पाठवायला सांगा ना! रोज जेवण झाल्यावर अर्धा मिनिट, कधी उठले, मूठ कधी वळली, काय जमलं काय नाही, गोळी घेतली का. तुम्ही ऐकून वहीत उतरवा. दोन फायदे, एक तर लिहायचे कष्ट नाहीत, दुसरं म्हणजे तुमचं रोजचं बोलणं होतं. सकाळचे हात सुजलेले असतील तर बाबांना फोटो काढायला सांगा, दुपारी डॉक्टरांना तो फोटो दाखवता येतो. फोटो नेहमी एकाच जागी, खिडकीपाशी उजेडात, टेबलावर हात सपाट ठेवून, म्हणजे आधीच्या फोटोशी तुलना होते. अॅप पण आहेत पण बहुतेक इंग्रजी, आणि आईच्या वयाला त्यात रोज दहा प्रश्न नको वाटतात.

आणि डॉक्टरकडे अख्खी वही नेऊन टेबलावर ठेवू नका, त्यांच्याकडे वेळ नसतो, उघडणारसुद्धा नाहीत. आदल्या रात्री एका पानावर काढा. गेल्या वेळपासून सकाळचं आखडणं कितीवरून कितीवर, अडलेली तीन कामं, पेनकिलर आठवड्याला किती, गोळी कधी चुकली, आणि आपले दोन प्रश्न. ते पान आत गेल्या गेल्या हातात द्यायचं, कसं आहे हा प्रश्न यायच्या आधी.

निवृत्त_वाहक:
हे पान हातात द्यायचं फार बरोबर. आमच्या पिढीला डॉक्टरपुढे बोलायचा संकोच असतो, कागद बोलला तर बरं पडतं.

भिगवणची_सून:
थोडं अवांतर पण जोडून आहे. आमच्या भिगवणला १९९६ पासून पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमने घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती, डब्ल्यूएचओच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमात. त्यात माणसाच्या आकृतीवर दुखऱ्या जागा दाखवायच्या असायच्या. आकृती पुढे केली की शेतात काम करणाऱ्या, न शिकलेल्या बायकासुद्धा बोट ठेवून दाखवू शकतात, "अंग दुखतंय" म्हणून थांबत नाहीत. म्हणून ती पंजाची आणि पावलांची चित्रं नक्की करा, त्यात वेळ फुकट जात नाही.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. बोलले आईशी. व्हॉइस नोट ऐकून तर ती खूशच झाली, म्हणाली बोलायचं होय, मग रोज बोलते. चांगल्या गोष्टीची ओळ पण तिला आवडली. वांग्याचा प्रयोग करायला ती तयार नाही, तिला भरली वांगी सोडवत नाहीत, आणि तुमचं वाचून मीही आग्रह सोडला. बाबांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर दर गुरुवारी लाल गोल करून ठेवलेत, गोळी घेतली की तेच फुली मारणार.

एकच शेवटचं विचारते. मागच्या आठवड्यात तिला दोन दिवस ताप आणि खोकला होता, तरी तिने गुरुवारची गोळी घेतली. असं झालं तर वहीत लिहून पुढच्या भेटीत सांगितलं तर चालेल का?

गोळ्यांचा_हिशोब:
नाही ताई, ताप असला तर वहीवर थांबायचं नाही. मेथोट्रेक्सेट चालू असताना ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला किंवा धाप, लघवीला जळजळ, कुठे कारण नसताना काळेनिळे डाग, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि पुढची गोळी घ्यायची की थांबवायची ते विचारूनच. खोकला अजून असेल तर आजच फोन करा, उद्यावर ढकलू नका. तसंच एकच सांधा अचानक लालबुंद गरम झाला आणि सोबत ताप आला तर थेट दवाखान्यात, तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात तासांना किंमत असते. वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला डॉक्टरांचा आणि तुमचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, बाबांना चष्म्याशिवाय दिसेल एवढा.

कृष्णाकाठ:
खोकला आहे अजून थोडा. आत्ताच लावते फोन.